‘वादळ गुजरातला चाललंय,’ असं मी म्हणाले होते

आज वादळांबद्दल बोलायचं आहे, आणि वरून त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्या उपग्रहांबद्दल. बचत गटाची बाई उपग्रहावर काय बोलणार, असं तुमच्या मनात आलं असेल तर ते बरोबरच आहे. बी.ए.ला माझा विषय इतिहास, विज्ञान दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. पण हवामानाचा एक नकाशा मी अर्धवट वाचला आणि त्यात आमच्या गटाचे अठरा हजार रुपये पाण्यात गेले. तेव्हापासून शिकले.

मे २०२१ची गोष्ट. करोनाची दुसरी लाट, टाळेबंदी. आमच्या घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत बऱ्याच जणींची घरकामं सुटली होती. गटाने कर्ज काढून मिरची, धणे, गरम मसाला भरला. मिरची वाळवली, भाजली, डंकावर कुटून आणली. सोबत उडदाचे पापड. सगळा माल एका काकूंच्या पोटमाळ्यावर ठेवला होता. वर सिमेंटचा पत्रा.

चौदा मेला लक्षद्वीपजवळ तौक्ते नावाचं चक्रीवादळ तयार झालं. फोनवर नकाशा फिरायला लागला. लक्षद्वीपपासून समुद्रातून वर जाणारी एक रेघ, आणि तिचं टोक थेट गुजरातवर. मी ग्रुपवर लिहिलं, ‘वादळ गुजरातला चाललंय. आपल्याकडे नुसता पाऊस येईल. घाबरू नका.’ काकूंनी विचारलं, ‘ताई, माल समाजमंदिरात हलवूया का? तिथं स्लॅब आहे.’ मी म्हटलं, ‘काकू, गेल्या वर्षी हलवला होता ना, काय झालं? उगाच चढउतार.’

सतरा मेला दुपारपर्यंत पत्रे उडायला लागले होते. कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर गेला. विमानतळ कित्येक तास बंद होता. सांताक्रूझला चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस, तोही मे महिन्यात. आणि वादळाचं केंद्र? ते आपल्यापासून शंभर किलोमीटरहून दूर, समुद्रात होतं. ते खरंच गुजरातलाच चाललं होतं, रात्री तिथंच किनाऱ्याला लागलं. माझं वाक्य खोटं नव्हतं हो, पण काकूंच्या पोटमाळ्यावरचा पत्रा गेला आणि मसाल्याचा चिखल झाला. त्याच दिवशी बॉम्बे हायजवळ पी-३०५ हा बार्ज बुडाला, कितीतरी कामगार गेले. त्यापुढे आमचा मसाला काहीच नाही, हे मला कळतं. पण हप्ता आमचा आम्हालाच भरायचा होता.

नकाशावरची रेघ म्हणजे वादळाच्या केंद्राची वाट. आणि वादळ त्या केंद्राभोवती शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं. भोवरा जमिनीवर एका टोकावर फिरतो, पण हात लावला तर लागतो त्याच्या पोटाला, तसंच हे. मी टोकाकडे बघत बसले. उपग्रहाचं चित्र त्याच दिवशी मिळत होतं, त्यात पांढऱ्या ढगांचा पट्टा कोकणावर, मुंबईवर आलेला सरळ दिसत होता. हवामान विभागाच्या इशाऱ्यात आपल्याकडच्या मुसळधार पावसाबद्दल आणि वाऱ्याबद्दल लिहिलेलंही होतं. मी ते खाली सरकवून पाहिलंच नाही.

आता हे चित्र येतं कुठून? विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर आपले हवामानाचे उपग्रह आहेत. इतक्या उंचीवर उपग्रहाची एक फेरी पृथ्वीच्या एका गिरकीएवढ्याच वेळात होते, म्हणून तो आपल्या डोक्यावर एकाच जागी थांबल्यासारखा राहतो. चाळीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेल्या आजीसारखा. यातलाच एक २००२ साली श्रीहरिकोट्याहून गेला. पुढच्या फेब्रुवारीत कल्पना चावला गेली आणि त्या उपग्रहाला ‘कल्पना-१’ नाव दिलं. आता इन्सॅट-३डीआर आणि २०२४ साली गेलेला इन्सॅट-३डीएस हे काम करतात. दोघं आळीपाळीने चित्र पाठवतात, त्यामुळे साधारण पंधरा मिनिटांनी नवं चित्र मिळतं.

रात्री अंधारात ढग कसा दिसतो, हा प्रश्न मला पडला होता. तो उजेडाने दिसत नाही, उष्णतेने दिसतो. प्रत्येक वस्तू थोडी उष्णता बाहेर टाकते आणि उपग्रह ती मोजतो. ढग जितका उंच वाढलेला, तितका त्याचा माथा थंड. मोठ्या वादळी ढगांचे माथे शून्याखाली साठ-सत्तर अंशांपर्यंत जातात. चित्रात तेच पांढरेशुभ्र, किंवा रंगवलेल्या चित्रात लाल-जांभळे दिसतात. म्हणून लाल रंग म्हणजे तिथं ऊन तापलंय असं समजू नका. उलट आहे.

खुल्या समुद्रात वारा मोजायला माणूस नसतो, तरी वादळ किती जोरात आहे हे सांगतात. त्याची रीत मला फार आवडली. ड्वोराक नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात ती बसवली. ढगांचे पट्टे केंद्राभोवती किती गुंडाळलेत, मधला डोळा किती स्वच्छ आहे, भोवतीचे माथे किती थंड आहेत, यावरून वादळाला अंक द्यायचा. आपल्याकडेही हीच पद्धत वापरतात. आपण लाडवाचा पाक थर्मामीटरने थोडाच बघतो? एकतारी की दोनतारी, ते बोटांत धरून कळतं. तसा हा नजरेचा सराव. जोडीला दुसरे, खालून फिरणारे उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागावर लहरी सोडतात आणि पाणी किती खडबडीत झालंय त्यावरून वारा काढतात.

आता ‘गेल्या वर्षी काय झालं’ याकडे येते. ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. सगळी मुंबई दारं लावून बसली, आम्ही गोण्या समाजमंदिरात नेल्या आणि इथं फारसं काही झालं नाही. लोक हसले, मीही हसले. ते वादळ दिवेआगर-श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं. तिकडच्या सुपारीच्या, नारळाच्या बागा आडव्या झाल्या. पिढ्यान्‌पिढ्यांच्या बागा. ती जागा आपल्यापासून जेमतेम शंभर किलोमीटर दक्षिणेला आहे. आणि एक दिवस आधीच्या अंदाजातही केंद्राची जागा पन्नास-शंभर किलोमीटरने इकडेतिकडे होऊ शकते. त्या रेघेभोवती जो रुंद होत जाणारा पट्टा काढतात, तो त्यासाठीच. म्हणजे अंदाज चुकला नव्हता, आपण थोडक्यात वाचलो होतो. श्रीवर्धनच्या बाईने ‘काही झालं नाही’ म्हटलं असतं का?

उपग्रहाला सगळंच दिसतं असंही नाही. २६ जुलै २००५ला कल्पना-१ वरतीच होता. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७३. कल्पनाच्या उष्णतेच्या चित्रात एक ठिपका म्हणजे आठ किलोमीटरचा चौकोन. कुर्ला आणि घाटकोपर एकाच ठिपक्यात! शिवाय त्याला ढगाचा माथा दिसतो, खाली किती कोसळतंय ते दिसत नाही. आताच्या उपग्रहांचा ठिपका चार किलोमीटरचा आहे, तरी गल्लीचा हिशोब त्यातून निघणार नाही. ते काम रडारचं. एक कुलाब्याला आहे, दुसरं २०२२पासून आपल्या अंधेरीत वेरावलीला.

आणि १३ मे २०२४. आमच्या घाटकोपरला पेट्रोलपंपावर होर्डिंग पडलं, सतरा माणसं गेली. धुळीचं ते वादळ चक्रीवादळासारखं चार दिवस समुद्रातून चालत आलेलं नव्हतं. असले ढग तापलेल्या दुपारी तास-दोन तासांत उभे राहतात. त्यांच्यासाठी हवामान विभाग पुढच्या दोन-तीन तासांपुरता इशारा देतो, तेवढाच वेळ हातात असतो. तेवढ्यात आपण होर्डिंग हलवू शकत नाही. ते कुणी, केवढं उभं करू दिलं, हा प्रश्न उपग्रहाला विचारण्यात अर्थ नाही. पण गच्चीवरची मिरची आत घेता येते आणि पोरांना पत्र्याखालून काढता येतं.

आता आमच्या गटात मे ते ऑक्टोबर दोघींकडे पाळी असते. सकाळी आणि दुपारी हवामान विभागाचं ‘मौसम’ ॲप उघडायचं, मुंबई आणि ठाण्याचा इशारा पूर्ण वाचायचा, आणि जसाच्या तसा ग्रुपवर टाकायचा. स्वतःचं मत जोडायचं नाही. हा नियम माझ्यामुळे झाला, हे सगळ्यांना माहीत आहे. ज्यांच्याकडे साधा फोन आहे अशा सात जणी आहेत, त्यांच्या दारात जाऊन सांगायचं. मालाची जागाही ठरलीय, समाजमंदिर, किल्ली काकूंकडे.

मागच्या पावसाळ्याआधी आम्ही तीनदा माल हलवला. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्या वेळी गोण्या वाहताना एक जण कुरकुरली, तर काकू म्हणाल्या, ‘उचल गं, अठरा हजारांपेक्षा हलकी आहे.’