डोंगराची पुस्तकं आणि आपण

आज मी डोंगर चढणाऱ्यांच्या पुस्तकांविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, सरपणाला आणि शेळ्यांमागं आपण रोजच डोंगर चढतो, त्याचं पुस्तक कशाला वाचायचं? मी ही पुस्तकं आवडीनं वाचते, म्हणून माझं मत सांगते.

आधी एक तक्रार. आपल्या अकोले तालुक्यातली कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. नवरात्रात कितीतरी बाया लोखंडी शिड्या चढून देवीला जातात. त्याला कुणी मोहीम म्हणत नाही. पुस्तकांत मात्र 'शिखर जिंकलं' असं सारखं येतं. हा शब्द मला खटकतो. दर्शनाला गेलेली बाई देवीला जिंकून येत नाही. आणि आपल्याकडे सांगतात त्याप्रमाणे कळसू स्वतःच तर घर सोडून डोंगरावर गेली. केर काढणार नाही, भांडी घासणार नाही, ही तिची कामाला राहतानाची अट होती. ती मोडली, तशी ती निघाली.

आता आवडलेली पुस्तकं. बचेंद्री पाल उत्तरकाशीकडच्या खेड्यातल्या. शिवणकाम करून त्यांनी शिक्षणाला हातभार लावला. २३ मे १९८४ रोजी त्या एव्हरेस्टवर पोचल्या. तिथं पोचणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. पण त्यांच्या पुस्तकात मला शिखरापेक्षा आदला दिवस मोठा वाटतो. शेवटच्या तळावर त्या आधी पोचल्या होत्या. मागचे सोबती दमून येत असतील म्हणून एका थर्मासात चहा, दुसऱ्यात फळांचा रस भरून त्या बर्फात पुन्हा खाली उतरल्या. उद्या शिखर चढायचं असताना आज ताकद अशी खर्च करायची, याला मी हिंमत म्हणते.

दुसरं पुस्तक तेनसिंग यांचं. १९५३ साली हिलरी आणि ते एव्हरेस्टवर पहिल्यांदा पोचले. तेनसिंगना अनेक भाषा बोलता येत, पण लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी सांगितलं, उलमन नावाच्या लेखकानं लिहून घेतलं आणि १९५५ साली पुस्तक झालं. आधी पाऊल कुणाचं, यावर तेव्हा मोठा वाद होता. हिलरी एक पाऊल पुढं होते, हे तेनसिंगनी त्यात सरळ सांगून टाकलं. खरं बोलायला अक्षरओळख लागत नाही.

तिसरं, क्राकॉर या पत्रकाराचं 'इन्टू थिन एअर'. मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवरच्या वादळात आठ जण गेले. परत फिरायची वेळ टळून गेली तरी काही जण वरच चढत राहिले होते. हे पुस्तक पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर येणाऱ्या प्रत्येकानं वाचावं. वाट चुकलेल्यांना शोधायला रात्री आपल्याच गावची पोरं जातात ना!

सह्याद्रीवरही मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय. गो. नी. दांडेकरांची 'दुर्गभ्रमणगाथा' तर जरूर वाचा. पण बऱ्याच भटकंतीच्या पुस्तकांत आपण एका ओळीत संपतो. 'पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी खाल्ली', एवढंच. भाकरी थापणारीचं नाव नाही. कोणता झरा उन्हाळ्यात टिकतो, कोणत्या कपारीत पाऊस लागत नाही, कोणत्या उतारावर धुक्यात जायचं नाही, हे तिला ठाऊक असतं. ते कुणी विचारलेलं नाही. म्हातारी माणसं जातात आणि त्यांच्याबरोबर ती वाटही जाते.

म्हणून माझी एक सूचना आहे. गावच्या वाचनालयातून अशी पुस्तकं मागून घ्या. बैठकीत हिशेब झाला की जिला वाचता येतं तिनं अर्धा तास मोठ्यानं वाचावं. आणि एक वही करा. जाणत्या बायांनी आपल्या डोंगराचं सांगायचं, शाळेत जाणाऱ्या पोरींनी लिहायचं. जी सांगेल तिचं नाव पानावर आधी. पुढं यातल्याच एखाद्या पोरीनं पाहुण्यांना गडाची वाट दाखवायचं काम धरलं, तर ती वही तिच्या पोटापाण्यालाही उपयोगी पडेल. वाट दाखवण्याची मजुरी मात्र तिनं आधीच ठरवून घ्यावी.

पहिलं पान पाण्याचं करा. आपल्या डोंगरावर वैशाखात पाणी कुठं मिळतं, तेवढं येत्या बैठकीत विचारा.