बॅटरीला कोणतं पाणी?

आज पाण्याबद्दल बोलूया, पण पिण्याच्या नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या.

आमच्या बचत गटाचा संगणक लाईट गेली की इन्व्हर्टरवर चालतो. बॅटरीतलं पाणी कमी झालं की मी बोअरचं पाणी उकळून, गाळून घालायचे. वाटायचं, उकळलं म्हणजे शुद्ध झालं. वर्षभरात बॅटरी बसली. नवी घ्यायला गटाच्या शिलकीला हात लावावा लागला. बैठकीत चूक माझीच, हे सांगितलं.

पाणी उकळल्यावर जंतू मरतात, क्षार जात नाहीत. भांड्याच्या तळाला पांढरा थर बसतो ना, तेच ते. ते बॅटरीच्या प्लेटा खराब करतात. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतातच. म्हणून फक्त डिस्टिल्ड वॉटर. पाण्याची वाफ करून ती पुन्हा थंड केली, की क्षार मागे राहतात; हे ते पाणी. बॅटरीच्या दुकानात मिळतं.

पाणी घालताना इन्व्हर्टर बंद करा. खिडकी उघडा, जवळ दिवा, उदबत्ती नको, कारण बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. हातमोजे घाला, नरसाळं प्लॅस्टिकचं घ्या. खुणेपर्यंतच भरा, जास्त झालं तर ॲसिड बाहेर येतं. आणि वरून ॲसिड कधीच घालू नका.

दर महिन्याच्या बैठकीदिवशी आता आम्ही हिशोबाच्या वहीसोबत बॅटरीही बघतो. तुम्हीही बघा.