एका डॉलरची पेटी

स्वस्तात मिळालेल्या वस्तूचा जेवढा आनंद माणसाला होतो, तेवढा फुकट मिळालेल्या वस्तूचाही होत नसावा. फुकट वस्तूत देणाऱ्याचे औदार्य असते. स्वस्त वस्तूत आपली हुशारी असते, आणि स्वतःच्या हुशारीइतके गोड जगात दुसरे काही नाही. हैदराबादेस आबिड्सच्या पदपथांवर रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. माझ्या आयुष्यातील कितीतरी रविवार त्या बाजारात वाकून उभे राहण्यात गेले आहेत. म्हणूनच, न्यू जर्सीत मुलाकडे गेलो असता माझा बारा वर्षांचा नातू जेव्हा म्हणाला, "आजोबा, उद्या कार्डांचा बाजार आहे, तुम्ही येता का?" तेव्हा मी चष्मा पुसून लगेच तयार झालो.

ही कार्डे म्हणजे खेळायचे पत्ते नव्हेत. पुढे खेळाडूचे चित्र आणि मागे त्याच्या कामगिरीचे आकडे, असा हा जाड कागदाचा तुकडा असतो. १८८० नंतरच्या दशकात सिगारेटच्या नरम पाकिटांना ताठपणा यावा म्हणून अमेरिकेतील तंबाखूवाल्यांनी आत पुठ्ठा घातला, त्यावर बेसबॉलपटूंची चित्रे छापली, आणि गिऱ्हाईक तंबाखूपेक्षा पुठ्ठ्यालाच अधिक भुलले. विलायतेत हीच युक्ती क्रिकेटपटूंच्या बाबतीत चालली. आपल्या रणजितसिंहजींची छबीही त्या काळी सिगारेटच्या पाकिटातून घरोघर गेली. पुढे तंबाखूची जागा मुलांच्या चघळण्याच्या गमने घेतली.

या छंदाचे अर्थशास्त्र मोठे विनोदी आहे. टॉप्स या कंपनीने १९५२ साली ४०७ कार्डांचा एक संच काढला. त्याचा शेवटचा भाग हंगाम संपता संपता बाजारात आला आणि पडून राहिला. कंपनीचे साय बर्जर सांगत असत की, १९६० साली त्यांनी तो न विकलेला माल तराफ्यावर लादून अटलांटिक महासागरात बुडवला. त्याच भागात मिकी मँटल या खेळाडूचे कार्ड होते. त्याची एक उत्तम प्रत २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरांना विकली गेली! याच्या उलट गोष्ट १९८० च्या दशकाच्या अखेरीची. जुन्या कार्डांचे भाव पाहून लोक नवी कार्डे खोकेच्या खोके भरून साठवू लागले आणि कंपन्यांनीही ती वारेमाप छापली. आज त्यातील बहुतेकांना रद्दीहून फारसा अधिक भाव नाही. माझ्या नातवाने हे सारे एका वाक्यात सांगितले : "आजोबा, जे सगळ्यांनी टाकले ते महाग, आणि जे सगळ्यांनी जपले ते स्वस्त."

बाजार भरला होता गावच्या अग्निशमन दलाच्या सभागृहात. लांबलचक टेबले, काचेच्या पेट्यांत मौल्यवान कार्डे आणि टेबलांच्या कडेला उभ्या रचलेल्या कार्डांची लांब खोकी. नातवाच्या खिशात वीस डॉलर होते आणि डोक्यात एक संपूर्ण शास्त्र. काचेच्या पेटीकडे पाहायचे, पण थांबायचे नाही. तिथे विक्रेत्याला सारे ठाऊक असते. आपले स्थान डॉलरच्या खोक्यापाशी. एकेका कार्डावर घासाघीस करायची नाही. दहा-बारा कार्डांचा गठ्ठा करून एकदम भाव विचारायचा. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्राभोवतीचा समास एवढे पारखायचे. कडा कापून साफ केलेली लबाडी ओळखण्यासाठी कार्ड दुसऱ्या कार्डावर ठेवून मोजायचे. आणि खरा सौदा शेवटच्या तासात होतो, कारण आणलेले ओझे परत नेण्याचा विक्रेत्याला कंटाळा आलेला असतो. मी थक्क झालो. आबिड्सला जे शिकायला मला तीस वर्षे लागली, ते या पोराला बाराव्या वर्षीच अवगत होते.

शेवटच्या तासात आम्ही कोपऱ्यातल्या एका टेबलाशी आलो. तिथे एक वृद्ध बाई बसल्या होत्या. त्या व्यापारी नव्हत्या. नवऱ्याच्या पश्चात घर आवरताना माळ्यावर सापडलेली पेटी त्यांनी तशीच आणून ठेवली होती आणि वर चिठ्ठी लावली होती : कोणतेही कार्ड एक डॉलर. नातू चाळू लागला आणि मध्येच त्याचा हात थांबला. इतर कार्डांहून किंचित मोठे असे एक आडवे कार्ड त्याने हलकेच वर काढले. मधोमध एक चुणी, कोपरे झिजलेले. त्याने ते उलटून पाहिले, भिंग लावले आणि माझ्या कानाशी येऊन मराठीत कुजबुजला, "आजोबा, क्लेमेंटे. १९५५. पहिल्या वर्षाचे."

रॉबर्टो क्लेमेंटे हा पोर्टो रिकोचा खेळाडू, पिट्सबर्गच्या संघाचा मानबिंदू. १९७२ च्या डिसेंबरात निकाराग्वात भूकंप झाला. तेथील लोकांसाठी मदतीचे सामान घेऊन हा स्वतः विमानात बसला, आणि वर्षाच्या अखेरच्या रात्री ते विमान समुद्रात कोसळले. त्याचे हे पहिले कार्ड चुणी पडलेले असले तरी शेकडो डॉलरांचे होते.

नातू माझ्याकडे पाहत होता आणि मी, श्रोतेहो, दुसरीकडे पाहत होतो.

कारण मला एक जुनी दुपार आठवली. आबिड्सला एक तरुण आपल्या आजोबांची पुस्तके वजनावर विकत होता. त्या ढिगात मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश होता, १८५७ ची आवृत्ती, मूळच्या बांधणीसह. ते काय आहे हे त्याला ठाऊक नव्हते, मला होते. मी चेहरा निर्विकार ठेवून वर दोन फालतू कादंबऱ्या रचल्या आणि सारे मिळून पाच रुपये दिले. ही हकीकत मी गेली चाळीस वर्षे पराक्रम म्हणून सांगत आलो आहे. नातवानेही ती अनेकदा ऐकली होती.

त्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग तो बाईंना म्हणाला, "हे एक डॉलरला विकू नका." आणि का विकू नये तेही सांगितले. बाईंनी ते कार्ड शांतपणे आपल्या पिशवीत ठेवले आणि विचारले, "आणखी असे आहेत का?" नातू खुर्ची ओढून बसला. बाजार आवरेपर्यंत दोघांनी मिळून ती पेटी निवडली. बाईंनी आभार मानले. बक्षीस काही दिले नाही, आणि द्यायला हवे होते असे मला वाटत नाही. त्याने त्यांच्याकडून चार साधी कार्डे चार डॉलरांना घेतली. शेजारचा व्यापारी हसून म्हणाला, "पोरा, तू या धंद्यात टिकायचा नाहीस."

परतताना नातू खट्टू होता. नव्हता असे म्हणणे खोटे ठरेल. मी त्याला विचारले, "मग सांगितलेस का?" तो म्हणाला, "काचेच्या पेटीवाल्याला मी सांगितले नसते. त्याला खेळ ठाऊक आहे. त्या बाईंना आपण खेळतो आहोत हेच ठाऊक नव्हते."

जाणत्याशी केलेली घासाघीस हा खेळ आहे. अजाणत्याशी केलेली घासाघीस हा खेळ नव्हे. एवढी साधी गोष्ट कळायला मला एका पोराबरोबर सात समुद्र ओलांडून त्या सभागृहापर्यंत जावे लागले. कोश अजून माझ्या कपाटात आहे. आल्यागेल्याला मी तो दाखवतोही. पण तो कितीला घेतला, हे सांगणे मात्र मी आता सोडून दिले आहे.