पहिल्या पत्तेस्पर्धेची पूर्वतयारी

(मंडळाच्या पालक-बालक मेळाव्यात केलेले भाषण)



या व्यासपीठावर आजवर नाट्यसंगीत झाले, कीर्तने झाली, प्रवचने झाली. पत्त्यांवर भाषण होण्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग. पत्ते म्हटले की आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्याच घरांत गणपतीच्या रात्री मेंढीकोट आणि बदाम सात रंगतात, हा भाग वेगळा. सावंतवाडीचे कारागीर तर लाखकामाची गोल पाने रंगवीत आले आहेत. त्यांच्या दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांची प्रत्येकी १२, अशी १२० पाने असतात. तेव्हा चित्रे रंगवलेल्या पानांत जीव गुंतवणे आपल्या परंपरेला अगदीच परके नाही.

आपल्या मंडळातील काही मुले लवकरच ‘पोकेमॉन’ या पत्त्यांच्या खेळाच्या स्पर्धेत प्रथमच उतरणार आहेत. बालविभागाचे काम पाहणाऱ्या आम्हा मंडळींना या निमित्ताने हा खेळ शिकावा लागला. जे शिकलो ते पालकांपुढे ठेवावे, एवढाच आजचा उद्देश.

या जातीच्या खेळांचा आरंभ १९९३ साली अमेरिकेत रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचलेल्या ‘मॅजिक’ने झाला. पोकेमॉनचा खेळ १९९६ साली जपानात निघाला. रमीत सर्वांचा कॅट एकच असतो. येथे प्रत्येक खेळाडू आपला कॅट स्वतः जुळवून आणतो, आणि म्हणून अर्धी स्पर्धा घरीच खेळली जाते.

कॅट बरोबर ६० पानांचा. मूलभूत ऊर्जेची पाने सोडली तर एका नावाची चारांहून अधिक पाने चालत नाहीत. आरंभी सात पाने हाती येतात आणि सहा पाने बक्षिसे म्हणून पालथी बाजूला ठेवली जातात. प्रतिस्पर्ध्याचा पोकेमॉन बाद केला की आपल्या बक्षिसांतून पान उचलायचे. सहाही उचलली की डाव आपला. नवशिक्या मुलाला वाटते की आपल्याजवळची सर्वांत बलाढ्य ६० पाने एकत्र केली म्हणजे झाले. हिशेब मात्र निराळे सांगतो. एखादे पान कॅटमध्ये चार वेळा घातले तरी पहिल्या सात पानांत त्यांपैकी एक तरी येण्याचा संभव शंभरात ४०. एकच घातले, तर ते बक्षिसांखाली दडून बसण्याचा संभव दहात एक. दहा डावांत एकदा आपला हुकमी वीर कुलपात! आणखी एक नियम असा की, पहिल्या हातात एकही प्राथमिक पोकेमॉन नसेल, तर पाने दाखवून, पिसून पुन्हा घ्यावी लागतात आणि प्रतिस्पर्ध्याला एक जादा पान घेण्याची मुभा मिळते. प्राथमिक पोकेमॉन आठ ठेवले तर ही नामुष्की शंभरात सुमारे ३५ वेळा येते. १२ ठेवले तर सुमारे १९ वेळा. संभाव्यतेचा धडा शाळेत कंटाळवाणा वाटणारी मुले हे आकडे ऐकून वही-पेन्सिल घेऊन बसली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

म्हणून आमचा आग्रह एवढाच, की मुलाने एक योजना ठरवावी, तिच्यासाठी लागणारी पाने चार-चार घालावीत आणि कॅटमधून पाने शोधून देणाऱ्या साहाय्यक पानांना कमी लेखू नये. ती पाने दिसायला रुक्ष असतात. घरातल्या कर्त्या बाईसारखे सारे काम मात्र तीच ओढतात. मग तोच कॅट किमान वीस-पंचवीस डाव खेळावा. दर पराभवानंतर दहा पाने बदलणाऱ्या मुलाला आपला कॅट कधीच कळत नाही.

आता पैशांविषयी. बाजारात स्वस्त, सोनेरी चकचकीत पानांची पाकिटे मिळतात. त्यांतली बहुतेक बनावट असतात आणि स्पर्धेत बनावट पान चालत नाही. पाठीच्या निळ्या रंगातला फरक, अक्षरांतील चुका, कागदाचा पातळपणा यांवरून ती ओळखू येतात. मामाने वाढदिवसाला दिलेली पाने खोटी आहेत हे स्पर्धेच्या दारात परक्या माणसाकडून कळणे आठ वर्षांच्या मुलाला सोसत नाही. ते आधीच घरी, मायेने सांगावे. खरी पाकिटे मात्र फोडत बसू नयेत. आत काय निघेल ते नशिबावर, आणि पालकांना जुगाराची जी भीती वाटते तिचे मूळ आमच्या मते खेळात नसून या पाकिटांत आहे. हवी ती सुटी पाने विकत घ्यावीत, किंवा आपसांत बदलावीत. अदलाबदलीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: मागे एका मोठ्या मुलाने आपल्यातल्या एका चिमुरड्याला पाच चमकदार पाने देऊन त्याचे एक मोलाचे पान नेले. चिमुरडा आनंदात होता, हेच अधिक वाईट. दहा वर्षांखालील मुलांनी मोठ्यांना विचारल्यावाचून अदलाबदल करू नये, असा नियम आम्ही तेव्हापासून केला आहे.

सामानाची यादी लहानच. सर्व पानांना एकाच रंगाची, न चुरगळलेली प्लॅस्टिकची आवरणे घालावीत. एखादे आवरण फाटले तरी पान खुणेचे ठरू शकते. चमकदार पाने दमट हवेत वाकतात, हे किनाऱ्यावरच्या शहरात विसरून चालत नाही. फासे, विष-दाह दाखविणाऱ्या सोंगट्या, पाणी, डबा. कॅटची लेखी यादी, नाव, संच आणि क्रमांकासह, आदल्या रात्री लिहावी. पानाच्या खालच्या कोपऱ्यातले बारीक अक्षर तपासावे. प्रचलित पद्धतीच्या स्पर्धेत जुन्या अक्षरांची पाने काळानुसार बाद होत जातात.

स्पर्धा बहुधा स्विस पद्धतीने होते. १८९५ साली झ्युरिकच्या बुद्धिबळ स्पर्धेत ही पद्धत प्रथम वापरली गेली. तिच्यात हरलेला बाहेर पडत नाही. पुढच्या फेरीत त्याची गाठ आपल्याइतकेच गुण असलेल्याशी पडते. विजयाचे तीन गुण, बरोबरीचा एक. पहिली फेरी हरलेल्या मुलाला घेऊन रिक्षा शोधायला धावणाऱ्या पालकांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे.

याहून एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. आपली मुले घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि गल्लीत इथली भाषा बोलतात. तीन भाषांच्या मधोमध वाढणारे मूल पुष्कळदा अनोळखी सभागृहात गप्प होते. आपल्या मुलांत असे एक आहे. सरावात प्रतिस्पर्ध्याने एका पाळीत दोन ऊर्जा लावल्या. नियमाने एकच लावता येते. याला ते कळले होते, पण तो बोलला नाही. नंतर विचारले तेव्हा म्हणाला, “त्यांना राग आला असता.” स्पर्धेत अशा वेळी हात वर करून ‘जज’ एवढे म्हणायचे असते. पंच येतात, दोघांचे ऐकतात, निर्णय देतात. त्यात भांडण नाही, चहाडी नाही. आईबाबांना त्या क्षणी मदत करता येत नाही. खेळ चालू असताना बाहेरून काहीही सुचविणे नियमबाह्य आहे. तेव्हा तो हात त्यालाच वर करावा लागणार. गेले चार रविवार आम्ही मुद्दाम चुकीची चाल करतो आणि तो हात वर होण्याची वाट पाहतो. परवा झाला. खांद्याच्या वर नव्हे, कानापर्यंतच.

आता पुढचे तीन रविवार दुपारी चार वाजता, ग्रंथालयाच्या खोलीत, घड्याळ लावून सराव होईल. एक डाव असेल तर ३० मिनिटे, तीन डावांचा सामना असेल तर ५०. मुलांनी यादी लिहून आणावी. ज्येष्ठांपैकी कुणाला प्रतिस्पर्धी म्हणून बसायचे असेल तर दोन कॅट आम्ही जादा ठेवले आहेत. नियम अर्ध्या तासात समजतात, आणि चष्मा मात्र सोबत आणावा, कारण अक्षरे फार बारीक आहेत.