दुखत नाही, म्हणून थांबू नका
(पंचवटी येथील महिला सभेत दिलेले भाषण)



पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर परिचारिका म्हणून फिरताना मी एक वाक्य नेहमी ऐकते, "गाठ आहे सिस्टर, पण दुखत नाही." दुखत नाही म्हणून ती बाई द्राक्षाच्या मळ्यात जात राहते, रोज बुडवत नाही, लाजेने घरातही सांगत नाही. दवाखान्यात येते तेव्हा गाठीची जखम झालेली असते. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, हाच मोठा धोका आहे.

गाठ वेळेवर सापडायला मोठे यंत्रच हवे असे नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांतल्या एका गटाचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. २० वर्षांनी दिसले की या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये या रोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. शिकवलेल्या हातांनी एवढे साधले.

भगिनींनो, आंघोळीच्या वेळी लक्ष द्या. स्तनात किंवा काखेत नवी गाठ, संत्र्याच्या सालीसारखी कातडी, आत ओढलेले बोंड, त्यातून रक्त, यांपैकी काहीही दिसले तर लगेच दाखवा. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते; पण ते डॉक्टरांनी ठरवायचे, भगताने किंवा शेजारणीने नाही. तिशी ओलांडलेल्या स्त्रियांनी आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. उपचारांच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे.

बंधूंनो, घरातल्या बाईने गाठ सांगितली तर "सुगी झाल्यावर बघू" म्हणू नका.

पेठ रोड आणि दिंडोरी रोड आपल्या पंचवटीतूनच जातात. पाड्यावरची बाई एसटीतून इथेच उतरते. तिला अडवतो तो बुडणारा रोज, गाडीभाडे आणि मोठ्या दवाखान्याची भीती. तुमची देणगी पहिल्या दोन अडचणी दूर करील. भीती मात्र सोबतीनेच जाते. म्हणून माझी विनंती आहे, आपल्यापैकी प्रत्येकीने वर्षातून एका बाईबरोबर दवाखान्यात जावे, केसपेपर काढून द्यावा आणि रिपोर्ट हाती येईपर्यंत तिची साथ सोडू नये.