आईबापांच्या मागे चालताना
(ज्युबिली सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



ज्युबिलीच्या दिवशी धर्मगुरूने इमारतीचा इतिहास सांगावा व देणगीदारांचे आभार मानावे, असा परिपाठ आहे. ते काम सेक्रेटरींनी आमच्याहून चांगले केले आहे. तेव्हा आम्ही आपणांपुढे निराळाच प्रश्न ठेवतो. ख्रिस्तमंडळीची सेवा करावयास मनुष्य शिकतो तरी कोठे?

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईश्वरविज्ञान शिकलो, लॅटिनचेही चार धडे गिरविले. परंतु दुःखी माणसाच्या दाराशी कसे जावे, हे तेथील कोणत्याही ग्रंथात नव्हते. ती विद्या आम्ही घरूनच नेली होती.

आमचे वडील मूर्तिजापुरास रेल्वेत नोकरीस होते. १९५५ साली अमरावतीचा धर्मप्रांत नागपूरपासून निराळा झाला व जोसेफ आल्बर्ट रोझारियो हे त्याचे पहिले बिशप झाले. तरी आमच्या बालपणीही वऱ्हाडातील कॅथोलिक घरे कपाशीच्या शेतात एखादे झाड असावे तशी विखुरलेलीच होती. धर्मगुरू महिन्यातून एकदा येत. उरलेल्या रविवारी वडील चार घरची माणसे जमवीत, शुभवर्तमान वाचीत, रोझरी म्हणवीत. त्यांस कोणी हुद्दा दिला नव्हता. सतरंजी अंथरणारे तेच, झटकून घडी घालणारेही तेच.

एके वर्षी मे महिन्यात परप्रांतातून मजुरीस आलेल्या कुटुंबातील एक बाई वारली. वऱ्हाडातील मे म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको. प्रेत ठेवणे शक्य नव्हते आणि धर्मगुरू दूरच्या खेड्यात होते. वडिलांनी शेजाऱ्यांबरोबर कुदळ उचलली आणि आमच्या हाती पाण्याची कळशी दिली. आमचे वय नऊ वर्षांचे होते. खड्डा झाला, वडिलांनी प्रार्थना वाचल्या आणि पहिली मूठ माती त्या बाईच्या लहानग्या मुलाच्या हातून टाकविली. घरी येऊन त्यांनी स्नान केले व ते रात्रपाळीस गेले. पुढे महिनाभर ते मूल आमच्या पंक्तीस जेवत असे. आईने त्याचे कारण कधी आम्हांस सांगितले नाही, आणि वडिलांनीही त्या दिवसाचा पुन्हा उच्चार केला नाही.

पोप दुसरे जॉन पॉल यांची हकीकत याच जातीची आहे. त्यांची आई १९२९ साली वारली, थोरला भाऊ १९३२ साली. घरात उरले बापलेक. मुलास रात्री जाग येई तेव्हा पिता गुडघे टेकून प्रार्थना करीत असलेला दिसे. त्या दोघांत धर्मगुरू होण्याविषयी कधी बोलणे झाले नाही. तथापि पित्याचे उदाहरण हीच आपली पहिली सेमिनरी होती, अशा आशयाचे त्यांनी १९९६ साली लिहून ठेविले आहे. तीमथ्यास दुसरे पत्र लिहिताना संत पौलासही त्याची आजी लोईस व आई युनीके यांची आठवण होते. आणि वऱ्हाडच्या माणसांस तर हे परक्यांकडून ऐकावयास नको. शेंडगावचे गाडगे महाराज कोणत्याही गावी गेले की आधी खराटा हाती घेत, कीर्तन मागाहून.

परंतु मुले केवळ चांगलेच पाहतात, अशी कोणी समजूत करून घेऊ नये. कमिटीच्या सभेहून बाप संतापून घरी येतो. जेवताना अमक्याने खुर्ची बळकावली, तमक्याने हिशेब दडविला, अशी चर्चा चालते. मूल मुकाट्याने घास गिळते आणि सारे ऐकते. वीस वर्षांनी तेच मूल मिस्सेस येईनासे होते, तेव्हा आपण पुण्यामुंबईच्या नोकरीस दोष देतो! तसेच, ज्या घरी बाप देवळाच्या कामात मिरवतो आणि आई एकटी संसार ओढते, त्या घरची मुले सेवेचा तिटकाराच शिकतात. आम्ही हे कठोरपणे बोलतो, कारण देऊळ रंगविता येते, परंतु पुढच्या पिढीत ते उघडणारा हात विकत मिळत नाही. व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेने १९६४ साली कुटुंबास घरगुती ख्रिस्तसभा म्हटले. त्या ख्रिस्तसभेत आज कोणता उपदेश चालला आहे, हे ज्याने त्याने आपल्या स्वयंपाकघरात ऐकावे.

यास्तव आमची एक विनंती आहे. येत्या महिन्यापासून दर पहिल्या रविवारी आजाऱ्यांस कम्युनियन देण्यास आम्ही जाऊ, तेव्हा प्रत्येक खेपेस एका घरातील आई किंवा बाप आणि एक मूल आमच्याबरोबर असावे. मुलास आधी काही समजावून सांगू नये. त्याच्या हाती मेणबत्ती किंवा पाण्याचा तांब्या द्यावा, एवढे पुरे. नावे आज सेक्रेटरींकडे द्यावी. पहिल्या खेपेस मिस्सा संपताच फाटकाजवळच्या निंबाखाली जमावयाचे आहे. ऊन चढण्यापूर्वी निघू.