सुरगाठ

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाली, तर एआयवर दहा मिनिटं बोल." मी हो म्हणून टाकलं. पण आता इथे उभी राहून विषय बदलते आहे, त्याबद्दल माफ करा. मी बुटाची लेस बांधण्यावर बोलणार आहे. हसा, हसायला हरकत नाही. पण आपल्यातल्या एकीचं माझ्याकडे एक देणं राहिलंय. ते या लेसमध्येच अडकलंय, आणि ते सगळ्यांसमोर द्यायचं असं मी ठरवून आले आहे.

माझा मुलगा सात वर्षांचा आहे. पहिलीपर्यंत त्याचे बूट वेल्क्रोचे होते. वेल्क्रोचा शोधही एका इंजिनिअरचाच. १९४१ साली जॉर्ज द मेस्त्राल नावाचा स्विस इंजिनिअर कुत्र्याला घेऊन फिरायला गेला. परत आला तर कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना काटेरी फळं चिकटलेली. आपल्याकडे पावसाळ्यानंतर रानातून आलं की परकराला चिकटायची ना, तशीच. आपण ती एकेक काढून फेकून द्यायचो. त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तेव्हा टोकाला बारीक आकडे दिसले. त्यातून वेल्क्रो झालं. आयांवर त्याचे फार उपकार आहेत, पण मुलांच्या बोटांचं एक काम त्याने काढून घेतलं, हे मला दुसरीच्या पहिल्या दिवशी कळलं. दुसरीपासून लेसचे काळे बूट सक्तीचे होते.

मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. रविवारी बसून लेस बांधण्याच्या बारा पायऱ्या लिहिल्या, चित्रं काढली आणि कागद फ्रीजवर चिकटवला. आमच्या कामात सूचना नेमक्या लिहिल्या की यंत्र बिनबोभाट ऐकतं. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि बांधून दाखवलं. त्याने बांधलं, सुटलं. पुन्हा बांधलं, गुंता झाला. मी समोर बसल्यामुळे माझा उजवा हात त्याला डावीकडे दिसतोय, एवढंही माझ्या लक्षात आलं नाही.

आठवडाभर हे चाललं. एका सकाळी सात वाजून वीस मिनिटं झाली होती, खाली बस हॉर्न देत होती, आणि माझ्या तोंडून गेलं, "अरे, इतकी साधी गोष्ट जमत नाही तुला?"

तो काहीच बोलला नाही. मी लेस बांधून दिली, तो गेला. दुसऱ्या दिवशी बूट सापडेनात. शेवटी दिवाणात रजयांच्या खाली सापडले. त्याने लपवले होते. का रे, म्हटलं, तर खाली बघून म्हणाला, "आई, मी ढ आहे ना?"

इथे बसलेल्या बाई आणि सर आयुष्यभर मुलांना शिकवत आले. 'ढ' हा शब्द मूल स्वतःबद्दल वापरतं तेव्हा काय होतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मला त्या रात्री झोप लागली नाही. मी हॉलमध्ये बसून स्वतःचे बूट बांधत होते, सोडत होते. हात भराभर चालत होते, पण ते नेमकं काय करतात ते मला सांगता येत नव्हतं. साधी गोष्ट कसली? मला ती येत होती म्हणून साधी वाटत होती. मग मनात आलं, मला ही कुणी शिकवली?

आईने नाही. आपल्या माहुरात लेसचे बूट होते कुणाकडे? देवीचं गाव आपलं. रेणुकामातेच्या पायऱ्या चढताना चपला काढा, दत्तशिखरावर काढा, अनसूयामातेकडे काढा. पाहुणे आले की एका दिवसात तिन्ही ठिकाणी त्यांच्यासोबत जायचं. अशा गावात स्लीपरच बरी. सरकवली की निघालो.

मला शिकवलं ते या शाळेत. वर्गाबाहेरच्या ओट्यावर.

आपण आठवीत होतो. पंधरा ऑगस्टच्या प्रभातफेरीत पुढे लेझीम पथक असायचं, आणि त्या वर्षी पथकातल्या मुलींना पांढरे कॅनव्हासचे बूट हवेत असं ठरलं होतं. माझ्या मावसभावाचे जुने बूट नांदेडहून आले. एक नंबर मोठे होते, म्हणून पुढे कापूस कोंबला. ओल्या खडूने ते पांढरे केले. हे सगळं घरी जमलं, पण लेस बांधायची कशी ते घरात कुणालाच सांगता येईना. मी आपली दोन-तीन निरगाठी मारून आले. शाळेपर्यंत येता येता एक बूट सैल झाला आणि दुसऱ्याची गाठ अशी आवळली की नखांनी सुटेना. सगळं पथक रांगेत उभं राहत होतं आणि मी ओट्यावर बसून रडत होते.

तेव्हा आपल्यातली एक मुलगी आली. तिचं नाव मी घेणार नाही, तिनेच कालच्या फोनवर दम दिलाय. तुम्ही ओळखालच, पण तिच्याकडे वळून बघू नका.

ती म्हणाली, "काहून रडून राहिली?" मी पाय पुढे केला. तिने दातांनी गाठ सोडवली. हो, दातांनी. आणि म्हणाली, "अगं, ही तर रिबिनीची गाठ. डोक्यावर बांधती, तीच पायावर बांध."

आता माझी पंचाईत अशी की माझ्या रिबिनी आई बांधायची. ती मात्र स्वतःच्या बांधायची, आणि दोन धाकट्या बहिणींच्याही. सातव्या वर्षापासून.

ती माझ्यासमोर बसली नाही. शेजारी बसली, खांद्याला खांदा लावून. माझ्या बुटाची लेस तिने सगळी बांधली, दोन फुलं काढली, आणि शेवटचं ओढायचं तेवढं ठेवलं. म्हणाली, "ओढ." मी ओढलं. गाठ बसली. मग तिने सोडली, पुन्हा बांधली, आणि या वेळी फूल आतून काढायचंही माझ्यावर ठेवलं. पुढच्या वेळी त्याच्या आधीचंही. असं मागून पुढे येत येत चार-पाच वेळात सगळी गाठ माझ्या हातात आली. "साधं आहे" असं ती एकदाही म्हणाली नाही.

मी उठून रांगेकडे पळाले. मागे बघितलं तर ती भिंतीला टेकून उभी होती. अनवाणी. लेझीम आपल्या सगळ्यांपेक्षा तिची चांगली होती, सरावात ती पहिल्या रांगेत असायची. पण बूट नव्हते, म्हणून त्या दिवशी ती पथकात नव्हती. ताशा सुरू झाला. आम्ही तिच्यासमोरून गेलो तेव्हा मी तिच्याकडे बघितलं नाही. मान खाली घालून माझ्या बुटांकडे बघितलं. तिने बांधलेल्या लेसकडे.

मी तिला कधी काही बोलले नाही. ना त्या दिवशी, ना नंतर. दहावी झाली, मी नांदेडला गेले, इंजिनिअरिंगच्या वर्कशॉपला बूट सक्तीचे होते, आणि मी चार वर्षं रोज तीच गाठ बांधली. आठवण मात्र एकदाही आली नाही.

त्या रात्रीनंतर मी फ्रीजवरचा कागद काढून टाकला. मुलाच्या शेजारी बसले. बूट पायात न घालता मांडीवर ठेवला, टोक पुढे करून. एक लेस लाल आणि एक पांढरी लावली, म्हणजे कुठली कुठून गेली ते दिसावं. गुळगुळीत गोल लेस काढून चपट्या सुती घेतल्या. सगळं मी बांधलं आणि म्हटलं, "ओढ." त्याने ओढलं, आणि गाठ बसलेली बघून माझ्याकडे बघितलं. पहिल्याच फेरीत काम पूर्ण झालं होतं, आणि ते पूर्ण करणारा तो होता. आधीच्या आठवड्यात तो रोज बारा पायऱ्या चढायचा आणि अकरावीवरून पडायचा. नंतर वाचलं की लहान मुलांसोबत काम करणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट हीच पद्धत वापरतात, तिला बॅकवर्ड चेनिंग म्हणतात. आठवीतल्या त्या मुलीला हे नाव माहीत नव्हतं. तिला दोन बहिणी होत्या.

दहा-बारा दिवसांत तो शिकला. आणि शिकता शिकता त्याने माझी चूक काढली. म्हणाला, "आई, तुझं फूल वाकडं बसतं, माझं सरळ." बघितलं तर खरंच.

हे जरा समजावून सांगते, कारण तुमच्यापैकी अनेकांचं फूल वाकडं असणार. लेसच्या सुरगाठीत दोन गाठी असतात: खालची साधी आणि वरची फुलांची. खालच्या गाठीत उजवी दोरी डावीवर टाकली असेल, तर वर डावं फूल उजव्यावर यायला हवं. स्काउटमध्ये शिकवतात ती रीफ नॉट तशीच बनते. फूल मग बुटावर आडवं, सरळ बसतं. दोन्ही वेळा तीच बाजू वर राहिली तर फूल फिरून टाचेपासून बोटांच्या दिशेला उभं होतं, आणि गाठ लवकर सुटते. उपाय सोपा आहे. वरच्या गाठीला हात लावायचा नाही, ती सवय मोडत नाही. फक्त खालची गाठ उलट बाजूने मारायची. २०१७ साली अमेरिकेत बर्कली इथल्या तीन संशोधकांनी पळणाऱ्या माणसाच्या लेस अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपल्या. पाऊल जमिनीवर आपटलं की गुरुत्वाकर्षणाच्या सातपट धक्का बसतो, त्याने गाठ सैल होते. मोकळी टोकं पायाबरोबर हेलकावतात आणि तिला ओढत राहतात. आधी बराच वेळ काहीच दिसत नाही, मग काही सेकंदांत गाठ सुटते. सरळ गाठही सुटू शकते, पण वाकडी लवकर.

तिने मला शिकवलेली गाठ सरळच असणार. मधल्या वर्षांत घाईघाईत मीच ती बिघडवली.

आपल्या भाषेत गाठींना दोन वेगळी नावं आहेत, हे मला या सगळ्यात नव्याने जाणवलं. निरगाठ आणि सुरगाठ. निरगाठ आवळत जाते, तिला सोडवायला दात लागतात. सुरगाठ धरून ठेवते, पण एक टोक ओढलं की मोकळी होते. मुलाला "इतकं साधं जमत नाही?" म्हटलं, तेव्हा मी त्याच्या मनात निरगाठ मारली होती. तिला सुटायला लेस शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

आणि एक माझ्या मनात होती, आठवीपासूनची. म्हणून आपला व्हॉट्सॲप ग्रुप झाला तेव्हा मी तिचा नंबर घेतला आणि फोन केला. सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती म्हणेल, हो गं, तू किती रडत होतीस. ती म्हणाली, "लेस-बिस काही आठवत नाही बापा. पण त्या दिवशी लेझीम हुकली, ते ध्यानात हाये."

मी बराच वेळ काही बोलू शकले नाही. माझ्या लक्षात राहिलं ते तिने मला दिलेलं. तिच्या लक्षात राहिलं ते तिला न मिळालेलं. आभार मानायला फोन केला होता, पण आधी माफी मागायला हवी होती. ती मी फोनवर मागितली. आज सगळ्यांसमोर मागते. बूट नव्हते म्हणून तू भिंतीशी उभी राहिलीस, आणि तू बांधलेल्या लेसवर मी पुढे निघून गेले. तेव्हा तुझ्याकडे बघायला हवं होतं.

काल आम्ही गडावर जाऊन आलो. मुलाने रेणुकामातेच्या पायरीशी बूट काढले, दर्शन झालं, तांबुलाचा प्रसाद तोंडात ठेवूनच खाली बसून लेस बांधली. दत्तशिखरावर पुन्हा तेच. अनसूयामातेकडे तिसऱ्यांदा बांधताना फूल वाकडं बसलं. मी काही बोलणार तोच त्याने स्वतःच एक टोक ओढून गाठ सोडली आणि पहिल्यापासून बांधली. खाली वाहनतळावर सगळे थांबले होते. मी थांबले. या वेळी घड्याळ बघितलं नाही.

शेवटचं एक. संध्याकाळी पाच वाजता मैदानावर लेझीम आहे. सरांना मी सकाळीच विचारलं, ते हो म्हणाले. पहिल्या रांगेत मध्ये कोण उभं राहणार ते ठरलंय, तिला अजून सांगितलेलं नाही. सगळ्यांना विनंती, येताना बूट-चपला ओट्यावर काढून या.